दीर्घकाळ आमदार राहिलेला उमेदवार पुन्हा मत मागतो तेव्हा : गणपतराव देशमुखांच्या निमित्ताने

माणकाठ (धागाकर्ता)
सांगोल्याचे गणपतराव देशमुख १९६२ साली पहिल्यांदा विधानसभेवर निवडून आले, तेव्हा २६४ जागांच्या सभागृहात काँग्रेसचे २१५ आमदार होते आणि त्यांच्या शेतकरी कामगार पक्षाचे १५. ते २०१४ मध्ये अकराव्यांदा निवडून आले, तेव्हा सभागृह २८८ जागांचे झाले होते आणि शेकापकडे ३ जागा उरल्या होत्या. मधल्या काळात १९७२ आणि १९९५ असे दोन पराभव त्यांच्या वाट्याला आले, पण त्यांनी पक्ष बदलला नाही आणि मतदारसंघही बदलला नाही. ३० जुलै २०२१ रोजी ते गेले. त्यानंतर त्यांच्या साधेपणावर, एसटीच्या प्रवासावर आणि निष्कलंक चारित्र्यावर पुष्कळ लिहिले गेले, आणि ते योग्यच होते.

मला मात्र त्यांच्या निमित्ताने वेगळा प्रश्न मांडायचा आहे. चार-पाच वेळा निवडून आलेला आमदार पुन्हा उमेदवारी अर्ज भरतो, तेव्हा मतदाराने त्याला कशाच्या आधारावर तोलावे? माझे मत असे आहे की त्याने हाती घेतलेले एखादे मोठे काम नेमके कोणत्या टप्प्यावर अडले आहे आणि पुढच्या पाच वर्षांत ते कुठवर जाईल, हे त्याला नावानिशी सांगता आले पाहिजे. 'विकासासाठी पुन्हा संधी द्या' एवढेच तो म्हणत असेल, तर त्याचा अनुभव मतदाराच्या कामाचा नाही. सांगोल्यात हा निकष पाणी या एका प्रश्नावर वर्षानुवर्षे लावला गेला, असे मला वाटते. सभासदांनी सहमती-असहमती सविस्तर मांडावी.

गावगाडा
निकष चांगला आहे, पण प्रत्यक्षात मतदार असा विचार करत नाही. तो पाहतो की हा माणूस अंत्यविधीला आला होता का, तहसील कार्यालयात माझा कागद अडला तेव्हा त्याने फोन केला का, आणि दार वाजवल्यावर भेटतो का. गणपतराव निवडून येत होते ते भेटत होते म्हणून, हे विसरू नये.

नियमावली
गावगाडा यांचे म्हणणे खरे आहे, परंतु ती आमदारकीची एक बाजू झाली. आमदार मुळात विधिमंडळाचा सदस्य असतो, आणि अनुभवाचा खरा उपयोग सभागृहातच दिसतो. एक उदाहरण देतो. नियम १०५ खालची लक्षवेधी सूचना द्यायची असेल, तर विषय तातडीचा आणि सार्वजनिक महत्त्वाचा असावा लागतो. मंत्री आधी लेखी निवेदन करतात, त्यानंतर सदस्याला प्रश्न विचारता येतात. नवा सदस्य पुष्कळदा इथे भाषण करून बसतो. मंत्री 'तपासून पाहू' असे म्हणतात आणि विषय संपतो. मुरलेला सदस्य निवेदनातले एकच वाक्य उचलतो आणि विचारतो की या कामाला प्रशासकीय मान्यता कोणत्या तारखेला दिली, सुधारित मान्यता का घ्यावी लागली आणि चालू वर्षी त्यासाठी तरतूद किती आहे. मग मंत्र्यांना काहीतरी ठोस सांगावेच लागते. एकदा का त्यांनी 'तीन महिन्यांत करू' असे म्हटले, की ते आश्वासन म्हणून नोंदले जाते आणि आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करू शकते.

विरोधी बाकांवरच्या माणसाकडे फायलीवर सही करण्याचा अधिकार नसतो, त्याच्याकडे ही आयुधेच असतात. तारांकित प्रश्न (ज्यांचे उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात), अर्धा तास चर्चा, कपात सूचना, नियम २९३ अन्वये प्रस्ताव यांचा वापर पहिल्या पाच वर्षांत नीट जमणारे सदस्य थोडे असतात. गणपतरावांची जवळजवळ सगळी कारकीर्द विरोधी बाकांवर गेली. १९७८ च्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) आघाडीच्या सरकारात आणि पुढे १९९९ नंतर विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात ते मंत्री होते. तेवढा काळ सोडला, तर प्रश्न विचारणे हेच त्यांचे काम होते.

नवमतदार
मी पहिल्यांदा मतदान केले तेव्हाही हेच सांगितले गेले की अनुभवी माणूस हवा. मग नव्या माणसाला अनुभव मिळणार तरी कधी? एकाच व्यक्तीने पाच दशके एक जागा अडवली, तर त्या तालुक्यातल्या दोन पिढ्यांतल्या कार्यकर्त्यांनी काय करायचे? मला गणपतरावांबद्दल आदर आहे, पण या प्रश्नाचे उत्तर कोणी देत नाही.

पाटकरी
नवमतदार यांच्या प्रश्नाकडे नंतर येतो. आधी पाण्याविषयी लिहितो, कारण धागाकर्त्याने तो मुद्दा काढला आहे आणि मी त्याच भागातला आहे.

माण नदी सांगोल्यातून जाते, पण वर्षातले बहुतेक महिने तिच्यात वाळूच असते. तालुका पर्जन्यछायेत आहे. कृष्णेचे पाणी पश्चिमेकडून वाहत जाते आणि आमचा भाग उंचावर राहतो, त्यामुळे पाटाने पाणी येणे शक्य नव्हते, ते उचलूनच आणावे लागणार होते. आज टेंभू योजनेचे पाणी कराड तालुक्यात कृष्णेतून उचलले जाते आणि टप्प्याटप्प्याने कडेगाव, खानापूर, आटपाडीमार्गे सांगोल्यापर्यंत येते. हे वाक्य लिहायला जितके सोपे आहे, तितकीच त्यामागची वर्षे अवघड होती.

१९९३ पासून आटपाडीत पाणी परिषदा भरू लागल्या. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, डॉ. भारत पाटणकर आणि गणपतराव हे त्यांतले प्रमुख होते. तेरा दुष्काळी तालुक्यांची मागणी फक्त 'आम्हाला पाणी द्या' एवढी नव्हती. समन्यायी वाटप व्हावे, म्हणजे जमीन कितीही असो, प्रत्येक कुटुंबाला पाण्याचा वाटा मिळावा, अशी ती होती. मी लहानपणी वडिलांबरोबर अशा एका परिषदेला गेलो होतो. मंडपात बसायला जागा नव्हती. बायका डोक्यावर पदर ओढून उन्हात बसल्या होत्या, आणि व्यासपीठावरून कोणी टीएमसीचा (अब्ज घनफूट पाण्याचा) आकडा सांगितला की मागच्या रांगेतला म्हातारा शेजारच्याला तो समजावून सांगत होता. कृष्णेचे पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या बच्छावत लवादाने महाराष्ट्राच्या वाट्याला दिलेले ५६० टीएमसी पाणी अडवले नाही तर पुढे काय होईल, हे त्या माणसांना पाठ होते. आमदार आपल्या मतदारांना इतके शिकवू शकतो, ही गोष्ट मला त्याच्या कुठल्याही रस्त्यापेक्षा मोठी वाटते.

१९९६ मध्ये कृष्णा खोरे विकास महामंडळ झाले आणि योजनांना पैसा मिळू लागला. तरीही कामे रखडली. पाणी आल्यावर वीजबिलाचा प्रश्न उभा राहिला, कारण इतक्या उंचीवर उचललेल्या पाण्याची वीज शेतकऱ्याला परवडणारी नव्हती. बिलाचा ८१ टक्के भाग शासनाने आणि १९ टक्के भाग शेतकऱ्यांनी भरायचा, हे सूत्र पुष्कळ झगड्यानंतर आले. म्हणून मी धागाकर्त्याशी सहमत आहे. आमच्याकडे दर निवडणुकीत लोक विचारायचे की पाणी कुठवर आले, आणि उत्तर ऐकून मत द्यायचे.

अनुशेष
पाटकरी यांचा प्रतिसाद फार मोलाचा आहे. त्याला विदर्भातून एक जोड देतो. प्रा. बी. टी. देशमुख १९८० ते २०१० अशी तीस वर्षे विधान परिषदेत अमरावती पदवीधर मतदारसंघाचे प्रतिनिधी होते. दांडेकर समितीने १९८४ मध्ये प्रादेशिक अनुशेषाचा, म्हणजे मागे पडलेल्या भागांत राहून गेलेल्या विकासाचा, हिशेब मांडला, त्यानंतर तो अनुशेष किती भरला आणि किती वाढला, हे आकड्यांनिशी सभागृहात मांडत राहणे हेच त्यांनी आपले काम मानले. १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे अस्तित्वात आल्यावर राज्यपालांच्या निर्देशांप्रमाणे निधीवाटप होते की नाही, यावरही त्यांची नजर असे. हे काम कंटाळवाणे आहे. त्यात टाळ्या नाहीत. पण एका माणसाने सलग तीस वर्षे एकच हिशेब ठेवला, की प्रशासनाला आकडे बदलणे कठीण जाते. सचिव बदलतात, मंत्री बदलतात, आणि ज्याला जुनी फाईल आठवते असा एकटा सदस्य समोर बसलेला असतो.

गावगाडा
अनुशेष, तुमचे उदाहरण वरिष्ठ सभागृहाचे आहे. पदवीधर मतदारसंघात मतदारयादी छोटी असते आणि गल्लीतल्या गटाराची तक्रार आमदाराकडे येत नाही. विधानसभेच्या सदस्याला हे सुख नाही. १९९५ मध्ये गणपतराव हरले ते १९२ मतांनी. एवढ्या थोड्या मतांत जय-पराजय ठरतो, तेव्हा समन्यायी वाटपाचे तत्त्वज्ञान बाजूला राहते आणि दोन वाड्या-वस्त्यांची नाराजी निर्णायक ठरते.

उंबरठा
मी रोजगार हमीच्या कामांवर वाढलेल्या घरातली आहे, म्हणून त्या बाजूने लिहिते. १९७२ च्या दुष्काळात माझी आजी आणि आई दोघीही खडी फोडायला जात. आई सांगते की मुकादम सकाळी हजेरीपटावर नाव लिही, दुपारी मापाची पेटी घेऊन ढीग मोजी, आणि पेटीत खडी सैल भरली असे म्हणून माप कमी धरी. पगार पंधरवड्याने व्हायचा. कधी तो लांबायचा. दुकानदार उधारी बंद करायचा. त्या काळात कामाचा हक्क कायद्यात नव्हता, सरकारला वाटले तेव्हा काम निघे आणि पाऊस पडला की बंद होई.

१९७७ चा रोजगार हमी कायदा आला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला, तेव्हा काम मागणे हा हक्क झाला. मागणी करून काम मिळाले नाही तर बेकारी भत्ता देण्याची जबाबदारी सरकारवर आली. माझ्या आईसाठी या एका बदलाचा अर्थ असा होता की ती मुकादमाकडे विनंती करायला न जाता तहसीलदाराकडे अर्ज घेऊन जाऊ लागली. अर्ज लिहून द्यायला शेकापचा एक कार्यकर्ता यायचा. कोणता आमदार चांगला, हे आमच्या घरात तेव्हा ठरले.

नियमावली
उंबरठा, तुमच्या आईंना नमस्कार सांगा. श्रेयाबाबत मात्र काटेकोर राहू या. रोजगार हमीची कल्पना आणि रचना ही विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची. तासगाव तालुक्यात विसापूरला तिचा पहिला प्रयोग झाला. सत्ताधारी काँग्रेसने ती स्वीकारली, आणि शेकाप, समाजवादी, कम्युनिस्ट अशा विरोधकांनी मोर्चे काढून आणि सभागृहात आग्रह धरून ती पातळ होऊ दिली नाही. आणखी एक बाब अनेकांच्या लक्षात येत नाही. या योजनेच्या पैशासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा झाला, म्हणजे शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून दरमहा कापल्या जाणाऱ्या रकमेवर ग्रामीण मजुराची मजुरी उभी राहिली. केंद्राने २००५ मध्ये देशभरासाठी कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राकडे जवळपास तीन दशकांचा अनुभव होता.

हे सगळे सांगण्याचा उद्देश असा की ज्येष्ठ आमदाराचे प्रगतिपुस्तक पाहताना 'मी केले' आणि 'आम्ही करवून घेतले' यांत फरक करावा. दोन्हींना किंमत आहे, पण भाषणात पहिलेच ऐकू येते.

नवमतदार
माझा प्रश्न अजून तसाच आहे.

सदसद्विवेक
नवमतदार, तुमचा प्रश्न टाळण्याजोगा नाही, आणि सांगोल्याच्या गोष्टीतही त्याचे उत्तर पूर्ण समाधानकारक नाही. २०१९ मध्ये वयोमानामुळे गणपतराव उभे राहिले नाहीत, आणि उमेदवारी त्यांच्या नातवाला, डॉ. अनिकेत देशमुखांना मिळाली. ७६८ मतांनी ते हरले. २०२४ मध्ये दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख निवडून आले. दोघेही आपल्या गुणांवर पुढे आले असतील आणि मतदारांनी त्यांना पारखूनच मते दिली, यात शंका नाही. तरीही कार्यकर्त्यांच्या बळावर उभ्या राहिलेल्या पक्षात पन्नास वर्षांनंतर उमेदवार घराबाहेरचा सापडू नये, याचे मला वाईट वाटते. ज्या नेत्याने सहकार, सूतगिरणी, पाणी परिषद अशा सामूहिक संस्था उभ्या केल्या, त्याच्या मागे राजकीय नेतृत्वाची सामूहिक फळी का उभी राहिली नाही, हा प्रश्न त्यांच्या चाहत्यांनीच विचारायला हवा.

म्हणून धागाकर्त्याच्या निकषाला मी दुसरा जोडतो. तिसऱ्या-चौथ्या वेळी मत मागणाऱ्या आमदाराला विचारावे की तुमच्याबरोबर सभागृहाचे काम शिकलेले, तुमच्या घरातले नसलेले दोन कार्यकर्ते कोण आहेत.

पाटकरी
सदसद्विवेक यांच्याशी मी अंशतः असहमत आहे. गणपतरावांनी पंचायत समिती, बाजार समिती आणि गिरणीच्या संचालक मंडळात पुष्कळ सामान्य घरांतली माणसे बसवली. शेतकरी सहकारी सूतगिरणी ज्या तालुक्यात उभी राहिली, तिथे कापूस नावालाही पिकत नव्हता. हेतू होता तो लोकांना गावाजवळ रोजगार मिळावा हा. ती माणसे संस्था चालवायला शिकली, हेही नेतृत्वाचे शिक्षणच आहे. विधानसभेच्या उमेदवारीपर्यंत ती पोहोचली नाहीत, हे मात्र मान्य करावे लागेल.

विहीरबागायत
मी डाळिंबवाला आहे, त्यामुळे आजच्या प्राधान्यांबद्दल लिहितो. १९९० च्या सुमारास रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली आणि सांगोल्याच्या माळावर डाळिंब उभे राहिले. खड्डे काढायची मजुरी योजनेतून मिळायची. पुढे ठिबक आले, शेततळी आली, मुले शिकली. मग डाळिंबावर तेल्या रोग आला. तो सोसला. त्यानंतर खोडाला पिन होल बोरर लागला आणि उभी झाडे वाळली. खोडाशी बसून पाहिले तर टाचणीच्या डोक्याएवढी भोके दिसतात आणि बुंध्याशी पिठासारखा भुसा पडलेला असतो. तो भुसा दिसेपर्यंत झाड हातचे गेलेले असते. माझ्या ओळखीतल्या अनेकांनी बागा काढून टाकल्या.

आता जो आमदार पुन्हा मत मागेल, त्याला मी टेंभूच्या पाण्याबद्दल विचारीनच, पण त्याबरोबर हेही विचारीन की रोगमुक्त रोपांसाठी, विम्याच्या निकषांसाठी आणि निर्यातीसाठी तुम्ही सभागृहात काय मागितले. पाणी आले म्हणजे काम संपले, असे मानणारा जुना आमदार मला चालणार नाही. जुन्या लढाईच्या आठवणींवर मते मागणे आणि नव्या संकटाचा अभ्यास करणे या वेगळ्या गोष्टी आहेत.

माणकाठ (धागाकर्ता)
विहीरबागायत, तुमचा प्रतिसाद वाचून माझा निकष अपुरा होता हे जाणवते, आणि त्यात भर घालायला आनंद वाटतो. अपुरे काम नावानिशी सांगता येणे आवश्यक आहेच, पण ते काम आजच्या अडचणीशी जुळते का, हेही पाहावे लागेल.

दक्षिणायन
केरळचे ओमन चंडी १९७० पासून २०२३ मध्ये निधन होईपर्यंत पुतुप्पळ्ळीचेच आमदार होते. मुख्यमंत्री असताना त्यांनी जनसंपर्क कार्यक्रमात तासन् तास उभे राहून लोकांचे अर्ज घेतले आणि त्या कार्यक्रमाला २०१३ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा लोकसेवा पुरस्कार मिळाला. त्यावर टीका अशी झाली की जे काम गावपातळीवरच्या अधिकाऱ्याने करायला हवे, त्यासाठी माणसाला मुख्यमंत्र्यापर्यंत यावे लागते. गावगाडा यांनी सुरुवातीला मांडलेल्या 'भेटणाऱ्या आमदारा'बाबतही हा आक्षेप लागू पडतो.

गावगाडा
आक्षेप मान्य आहे. पण यंत्रणा सुधारेपर्यंत विधवा पेन्शनचा अर्ज घेऊन आलेल्या बाईला 'हे माझे काम नाही' असे सांगणारा आमदार मला नको आहे. चांगला आमदार तिचे काम करून देतो आणि तिच्यासारख्या शंभर अर्जांवरून प्रश्न तयार करून सभागृहात विचारतो. दोन्ही करता आले, तरच त्याचा अनुभव खरा.

अनुशेष
अनुभव असूनही माणूस हरतो, हेही नोंदवावे. संगमनेरचे बाळासाहेब थोरात १९८५ पासून सलग आठ वेळा निवडून आले आणि २०२४ मध्ये नवख्या उमेदवाराकडून पराभूत झाले. निळवंडे धरणाचे काम त्यांच्या नावाशी जोडले जाते. मतदाराला काम माहीत नव्हते असे नाही. निवडणूक ही एका माणसाच्या कारकिर्दीवरची परीक्षा क्वचितच असते. त्या वर्षीची हवा, जातींची गणिते, महिलांना थेट मिळालेली रक्कम, उमेदवाराच्या जवळच्या माणसांचे वागणे, असे अनेक धागे त्यात असतात.

नवमतदार
सदसद्विवेक आणि पाटकरी या दोघांच्या प्रतिसादांमुळे माझ्या प्रश्नाला काहीसे उत्तर मिळाले. मला ठरावीक मुदतीनंतर उमेदवारी बंद करण्याचा कायदा हवा होता, पण त्याने बी. टी. देशमुखांसारखा माणूसही बाद झाला असता, हे पटते. तरी उमेदवारी ठरवताना पक्षांनी कार्यकर्त्यांचे मत घेतले पाहिजे, हा माझा आग्रह कायम आहे.

एक व्यावहारिक शंका. आपल्या आमदाराने पाच वर्षांत सभागृहात काय विचारले, हे सामान्य मतदाराने कुठे पाहावे?

नियमावली
विधिमंडळाचे कार्यवृत्त छापले जाते आणि संकेतस्थळावरही उपलब्ध असते. तारांकित प्रश्नांच्या याद्यांमध्ये प्रश्न विचारणाऱ्या सदस्यांची नावे दिलेली असतात. मात्र एकाच प्रश्नाखाली अनेक सदस्यांची नावे असतात, त्यामुळे नुसती नावे मोजू नका. कार्यवृत्तात त्या प्रश्नावर उपप्रश्न कोणी विचारला ते शोधा. सदस्य कोणत्या समित्यांवर होता आणि तिथे त्याने काय काम केले, हे समित्यांच्या अहवालांवरून आणि बैठकांच्या उपस्थितीवरून कळते. अर्थसंकल्पावरच्या विभागवार मागण्यांच्या चर्चेत तो बोलला का, हेही पाहा. कारण मतदारसंघाचा पैसा तिथून येतो.

उंबरठा
नियमावली, याचा तालुकावार तक्ता करता येईल का? मी आमच्या तालुक्याचे मागच्या दोन अधिवेशनांचे प्रश्न उतरवून काढते. ज्यांना आपापल्या मतदारसंघाचे काम घ्यायचे असेल त्यांनी इथेच नाव नोंदवावे, म्हणजे उमेदवार दारात येतील तेव्हा प्रत्येकाच्या हातात यादी असेल.

विहीरबागायत
सांगोल्याचे माझ्याकडे. डाळिंब, टेंभू आणि म्हैसाळ उपसा योजना असे तीन विषय आधी घेतो.